जंतांवरचे झाडपाल्याचे औषध : परीक्षा कशी घ्यावी?

(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डॉक्टर नव्हे, हकीमही नव्हे. भाषा आणि इतिहास शिकविणारा बी. ए., बी. एड. मास्तर आहे. तरीही चारचौघांत बोलायला संकोच वाटावा अशा जंतांच्या विषयावर आज बोलणार आहे, त्याला दोन कारणे आहेत. शाळेत जंतनाशक गोळीचा दिवस आला की काही मुले हमखास गैरहजर राहतात. विचारले तर उत्तर मिळते, "सर, अम्मी म्हणते गोळी गरम पडते, आम्ही घरीच ओव्याचा काढा घेतो." दुसरे कारण असे की, मागील वर्षी आमच्या एका पालकांनी बाजारातल्या पुडीवाल्याकडून पळसपापडीची पूड आणली आणि पाच वर्षांच्या मुलाला अंदाजाने चमचाभर दिली. मुलाला उलट्या सुरू झाल्या, लघवी करताना ते रडू लागले, आणि दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. मूल बरे झाले. पण त्या घरात आता झाडपाला म्हणजे विष असे ठरून गेले आहे, आणि तेही खरे नाही.

ओव्याचीच गोष्ट घ्या. ओव्यात थायमॉल नावाचे द्रव्य असते; बाजारात त्याला ओव्याचे फूल म्हणतात. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्याकडचा ओवा बोटीने जर्मनीस जाई आणि तेथे त्यापासून थायमॉल काढीत. १९०९ साली जॉन रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर देऊन अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम सुरू केली. हा कृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो आणि माणसाला फिके, सुस्त करून टाकतो. त्या मोहिमेतले मुख्य औषध थायमॉल होते. म्हणजे आपल्या दादी-नानींच्या डब्यातल्या ओव्याचे सत्त्व अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या पोटातले कृमी पाडीत होते. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

परंतु आता हिशेब करू. मोठ्या माणसाला त्या वेळी एका दिवसात सुमारे ४ ग्रॅम थायमॉल देत. ओव्यात तेल असते शंभरात दोन ते चार भाग, आणि त्या तेलात साधारण निम्मे थायमॉल. चहाच्या चमचाभर ओव्यात, म्हणजे तीनेक ग्रॅममध्ये, थायमॉल निघेल जेमतेम ४५ मिलिग्रॅम. ४ ग्रॅम हवे असेल तर पाव किलोहून अधिक ओवा लागेल! शिवाय ती ४ ग्रॅमची मात्रा विषाच्या सीमेवरची होती. तेल-तूप किंवा दारू पोटात गेली तर थायमॉल त्यात विरघळून रक्तात भिने आणि रोगी दगावण्याची भीती असे. म्हणून जेवण बंद ठेवून, जुलाबाचे क्षार देऊन हा उपचार करीत. पुढे कमी धोक्याची औषधे मिळाली तसे थायमॉल मागे पडले. काढ्याने पोटातला वायू सरतो हे मला मान्य आहे. अंकुशकृमी त्याने मरणार नाही.

पळसाचेही तसेच. पळसाच्या बियांतून १९६७ साली आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी पॅलॅसोनिन नावाचे कृमिनाशक द्रव्य वेगळे केले. जुन्या वैद्य-हकिमांची नजर खोटी नव्हती. मात्र पुढे कळले की हे द्रव्य कँथारिडिनच्या घराण्यातले आहे, आणि कँथारिडिन हे अंगावर फोड आणणाऱ्या किड्यातले, मूत्रपिंडास घातक असे विष आहे. किरमाणी ओव्याच्या जातीतून मिळणारे सँटोनिन १८३० पासून माहीत आहे. गोलकृमीवर ते शतकभर चालले, पण मात्रा थोडी चढली की रोग्याला सगळे जग पिवळे दिसू लागे.

आता विद्यार्थ्यांसाठी. आपल्या विज्ञान प्रदर्शनात नववीच्या दोन मुलांनी गांडुळे ओव्याच्या काढ्यात टाकली होती. ती काही मिनिटांत मेली. वर तक्ता लावला होता, 'ओवा : जंतांवर रामबाण'. मी त्यांना विचारले, तितकीच गांडुळे नुसत्या दाट मिठाच्या पाण्यात टाका, काय होते? त्यांनी तसे केले. तीही मेली. मुलांचे चेहरे उतरले, पण मला वाटते त्या क्षणी त्यांचे विज्ञान सुरू झाले.

गांडुळाचा हा प्रयोग पोरकट आहे असे समजू नका. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतही तो करतात, कारण गांडुळाचा आकार गोलकृमीसारखा आहे. तेथे बरोबरीने दोन भांडी आणखी ठेवतात : एकात शरीराला मानवेल इतक्याच सौम्य मिठाचे पाणी, दुसऱ्यात पाइपराझीनसारखे माहितीतले औषध. मग गांडूळ किती वेळात लुळे पडले, किती वेळात मेले हे घड्याळ लावून पाहतात. तरीसुद्धा ही पहिलीच पायरी. गांडूळ ओल्या कातडीने श्वास घेते. कातडीला झोंबणारी कोणतीही वस्तू त्याला मारते. गोलकृमी जाड कवचात, आतड्याच्या अंधारात राहतो, आणि काढा तेथवर पोचेपर्यंत पातळ झालेला, पचलेला, रक्तात ओढला गेलेला असतो. म्हणून पुढे मेंढीच्या किंवा कोंबडीच्या पोटातले खरे कृमी घेऊन परीक्षा करतात, नंतर जंत झालेल्या जनावरालाच औषध देतात. गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. तेव्हा औषधाआधी आणि औषधानंतर एक ग्रॅम शौचात किती अंडी आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले की खरे-खोटे कळते. जंत 'पडले' असे कुणी सांगितले, एवढ्याने भागत नाही.

माणसांवरची परीक्षा कशी असावी याचा एक नमुना सांगतो. नायजेरियात पपईच्या वाळलेल्या बिया मधात कालवून जंत असलेल्या मुलांना दिल्या. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. एकूण मुले ६०. तिसांना बिया आणि मध, तिसांना नुसता मध. सात दिवसांनी बियांच्या गटातील २३ मुलांचे शौच जंतमुक्त निघाले. नुसत्या मधाच्या गटातील किती? ५. हे पाच फार महत्त्वाचे आहेत. त्या पाचजणांना कुणी पुडी दिली असती तर पुडीवाल्याने आयुष्यभर त्यांची नावे सांगितली असती! २३ आणि ५ यांतला फरक मोठा आहे, बियांत काही गुण असावा असे मानायला जागा आहे. परंतु ६० मुले आणि सात दिवस, एवढ्यावर घरोघर बिया वाटता येत नाहीत. मात्रा किती, कोणत्या जंतावर, रोज दिल्यास अपाय काय, हे सारे मोठ्या संख्येवर पाहावे लागते.

शोधाची गरज संपलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. शाळेतली अल्बेंडॅझोलची गोळी गोलकृमीवर फार गुणकारी आहे, पण चाबकासारख्या दिसणाऱ्या कृमीवर तिची एक मात्रा बरीच कमी पडते. मेंढ्यांच्या काही कृमींवर तर अशी औषधे अनेक देशांत चालेनाशी झाली आहेत. उद्याचे औषध आपल्या सड्यावरच्या एखाद्या झुडपात नसेलच असे कोण म्हणेल? आपल्यातल्या एखाद्या मुलीने रसायनशास्त्र शिकून ते काढावे. तोवर मात्र तपासून झालेले औषध सोडून न तपासलेले मुलांच्या पोटात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०१५ पासून सरकार फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत ही गोळी एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना फुकट देते. दोन वर्षांवरच्यांना ४०० मिलिग्रॅमची एक, एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी, तीही कुटून पाण्यातून. मोठ्या मुलांनी ती चावून खायची असते. पोटात जंत पुष्कळ असले तर त्या दिवशी थोडे मळमळते, पोट दुखते, आणि बहुधा लवकर थांबते. मूल आजारी असेल किंवा दुसरे औषध चालू असेल तर त्याला घरी दडवू नका, वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. चिठ्ठी उर्दूत लिहिली तरी चालेल, मराठीत लिहिली तरी चालेल.