मालिकेचा शेवट कोण ठरवितो ?

नाशिकजवळ ओझर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. १९६४ सालीं निघालेल्या या कारखान्यांत मिग विमानें तयार झालीं. विमानाचा शेवटचा सांधा कोठें जुळावयाचा, हें पहिला पत्रा कापण्यापूर्वींच आराखड्यांत ठरलेलें असतें. परंतु तेथील कामगाराच्या घरीं सायंकाळीं जी मराठी मालिका लागते, तिला असा आराखडा बहुधा नसतो. ती कोठें संपावयाची हें तिच्या लेखकालाहि ठाऊक नसतें. याचें कारण वाङ्मयांत शोधून सापडावयाचें नाहीं. तें जमाखर्चाच्या वहींत आहे.

मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. चि. वि. जोशी यांच्या कथांवरून तेथें 'चिमणराव-गुंड्याभाऊ' सादर झालें, तेव्हां जाहिराती येऊं लागल्या असल्या तरी केंद्राचा संसार सरकारी पैशावर चालत होता. गोष्ट संपली तर कोणाचें दिवाळें निघावयाचें नव्हतें. १९८४ मधील 'हम लोग' या हिंदी मालिकेमागें पुरस्कर्त्या कंपनीचा पैसा उभा राहिला. आणि पुढें अल्फा मराठी (१९९९) व ई टीव्ही मराठी (२०००) या खासगी वाहिन्यांनीं सारा हिशेबच बदलला. २००१ मध्यें लागलेली 'चार दिवस सासूचे' ही मालिका २०१३ च्या जानेवारींत संपली. भाग तीन हजारांवर गेले. नांवांतील चार दिवसांचा हा विस्तार थक्क करणारा खरा, पण अनाकलनीय मुळींच नव्हे.

वाडा उभारणें, पोशाख शिवणें, नवें नांव घरोघर पोंचविणें, हा खर्च पहिल्या भागापूर्वींच होतो. भाग जितके अधिक, तितका तो प्रत्येकाच्या वांट्यास कमी. शिवाय प्रेक्षकाला एका वेळेची संवय लागली कीं त्या वेळेंतील जाहिरातींच्या सेकंदांस भाव येतो. चालती मालिका बंद करणें म्हणजे चालतें दुकान मोडून शेजारीं नवें थाटणें. उलट प्रेक्षक घटले, तर सारे धागे आठवडाभरांत गुंडाळावयाचे.

याचे ठसे कथानकावर उमटतात. लग्न हें मालिकेचें मुद्दल; तें एकदम खर्चून चालत नाहीं, म्हणून तें मोडतें, लांबतें, मांडवांत अडतें. दिवाणखाना आधींच बांधलेला असल्यानें साऱ्या जगाचे निर्णय तेथेंच होतात, आणि सासूबाईंच्या कपाळावरील आठी तीन बाजूंनीं दाखविण्यास वेगळा दाम पडत नाहीं. नियमाप्रमाणें तासांत बारा मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात; म्हणून मधून मधून कोणी तरी दारांत येऊन थबकतें, आणि जाहिराती संपल्यावर पुन्हां तेंच थबकणें. गुरुवारीं प्रेक्षकसंख्येचे आंकडे येतात. ते पडलेले दिसले, कीं आजवरची सज्जन जाऊ कारस्थानें करूं लागते.

लांबीपेक्षां हें नुकसान मोठें आहे. ज्याला शेवट ठाऊक नाहीं, त्याला आरंभीं बीज पेरतां येत नाहीं. पात्राच्या कृतीचें फळ त्याच्या पदरांत घालतां येत नाहीं. रोज अर्धा तास देणाऱ्या कुटुंबाला मग गोष्टीऐवजीं केवळ सहवास मिळतो. (तोहि थोडा नव्हे, घरीं एकट्या राहणाऱ्या वृद्धांस विचारावें.)

२०१२ सालची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' लोकप्रिय असतांनाच त्याच वर्षीं संपविण्यांत आली, आणि वाहिनी कांहीं बुडाली नाहीं. परंतु लेखकास मोबदला बहुधा भागागणिक मिळतो. त्यानें गोष्ट वेळेवर संपविली, तर त्याचें पुढील महिन्याचें उत्पन्नहि तेथेंच संपतें.