गाडीमागचा माणूस



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. ज्या गृहस्थानें सारा जन्म मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यांत घालविला, ज्याला सायकलीखेरीज दुसरें वाहन आजवर चालवितां आलें नाहीं, त्यानें मोटारीच्या पाठीमागें सेन्सर कसे बसवावेत यावर बोलावें, हें विपरीत आहे खरें. परंतु हें काम माझ्या डोळ्यांदेखत, किंबहुना माझ्या हट्टामुळें झालें. आणि त्या हट्टाला एक जुनें कारण आहे. तें आधीं सांगतों.

१९८६ सालची गोष्ट. आमच्या शाळेची सहल निघावयाची होती. भाड्यानें ठरविलेली बस पहांटे शाळेच्या आवारांत मागें घ्यावयाची होती. गाडी मागें घेतांना कोणी तरी पाठीमागें उभें राहून ओरडावयाचें, ही आपल्याकडची जुनी चाल. ट्रकचा क्लीनर पत्र्यावर थाप मारतो, एस. टी.चा कंडक्टर शिट्टी वाजवितो, आणि दोघेही नसतील तर जो कोणी मोकळा असेल तो "येऊं द्या, येऊं द्या" म्हणत हात हालवीत राहतो. त्या दिवशीं तो मोकळा माणूस मी होतों. मी गाडीच्या बरोबर मधोमध पाठीमागें उभा राहिलों. ड्रायव्हरच्या आरशांत मी दिसत नाहीं, हें माझ्या ध्यानींही आलें नाहीं. माझें सारें लक्ष उजव्या कोपऱ्याकडे, कारण तिकडे पाण्याची टांकी होती. डाव्या बाजूस आमचे शाळेचे शिपाई भिंतीशीं असलेला एक बांक उचलूं पाहत होते. मीं म्हटलें, "येऊं द्या!" मग मला ते दिसले. मी "थांबा, थांबा" म्हणून ओरडलों. पण मुलांच्या कालव्यांत तो आवाज ड्रायव्हरपर्यंत गेला नाहीं. बांक आणि भिंत यांच्यामध्यें शिपायांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें सांपडलीं. तीं पुढें कधीं सरळ झालीं नाहींत.

ते मला एका शब्दानेंही बोलले नाहींत. निवृत्त होईपर्यंत शाळेची घंटा ते डाव्या हातानें वाजवीत, आणि ती वाजली कीं माझा मलाच "येऊं द्या" ऐकूं येई. असो.

आतां अलीकडच्या गोष्टीकडे येतों. माझ्या पुतण्यानें कोल्हापुरांत एक जुनी फोर्स ट्रॅव्हलर गाडी घेतली व परिवहन कार्यालयाचे सोपस्कार उरकून तिचें फिरतें बिऱ्हाड बनविलें. अशा गाडीस कॅम्पर व्हॅन म्हणतात. आंत दोन बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टांकी, भांड्यांची फळी. पाठीमागें टपावर चढावयास शिडी, आणि दोन सायकली अडकविण्याचा सांगाडा. सूनबाईंनीं मागच्या कांचेला लागून कपाट करून घेतलें. त्यामुळें कपडे ठेवण्याची सोय झाली, पण ड्रायव्हरच्या डोक्यावरचा आरसा केवळ भांग पाडण्यापुरता उरला. आपल्या देशांत ड्रायव्हरखेरीज आठ उतारूंपर्यंतच्या नव्या मोटारींस मागचे सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले आहेत. परंतु ही गाडी त्याहून जुनी आणि मोठ्या जातीची. मीं विषय काढतांच पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही आहांत ना मागें उभे राहायला!" तो थट्टेनें बोलला. मला मात्र रात्रीं झोंप लागली नाहीं. सकाळीं उठून मीं सांगून टाकलें कीं, सेन्सर बसल्याखेरीज मी या गाडींत पाऊल ठेवणार नाहीं.

हें यंत्र काय करतें तें थोडक्यांत सांगतों, कारण तें कळल्यावांचून तें कोठें फसतें हें कळणार नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९३ च्या सुमारास, इटलींतील स्पालान्झानी नांवाच्या पंडितानें असें पाहिलें कीं, मिट्ट काळोखांत घुबड अडखळतें, पण वटवाघूळ कशालाही न धडकतां फिरतें. त्याची दृष्टि घालविली तरीही फिरतें. पुढच्याच वर्षीं जिनेव्हाच्या ज्यूरीननें त्याचे कान बंद केले, तेव्हां मात्र तें आपटूं लागलें. कानांनीं पाहणारा प्राणी ही कल्पना त्या काळच्या विद्वानांच्या गळीं उतरली नाहीं. उलगडा व्हावयास १९३८ साल उजाडावें लागलें. अमेरिकेंत हार्वर्ड येथें ग्रिफिन आणि पिअर्स यांनीं, आपल्या कानांस ऐकूं न येणारा वटवाघळाचा आवाज यंत्रानें पकडला. जपानच्या टोयोटा कंपनीनें १९८२ सालीं आपल्या कोरोना गाडीच्या पाठीमागें याच तत्त्वावरचे सेन्सर बसविले. म्हणजे आमच्या सहलीच्या वेळीं ही विद्या जगांत होती. आमच्या आवारांत मात्र मी होतों.

सेन्सर म्हणजे रुपयाएवढी एक गोल चकती. वीज मिळाली कीं ती थरथरते व सेकंदास सुमारें ४०,००० कंपनांचा ध्वनि सोडते. आपला कान २०,००० च्या पुढें बहिरा, म्हणून आपणांस कांहींच ऐकूं येत नाहीं. हा ध्वनि अडथळ्यावर आपटून परत येतो, तीच चकती पुन्हां थरथरते, आणि आंतली पेटी जाण्यायेण्याचा वेळ मोजते. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर धांवतो. अडथळा १ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २ मीटर. म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकीं सुमारें सहा भागांत उत्तर मिळतें. त्यावरून अंतर काढणें हें चौथीच्या मुलाचें गणित आहे. फक्त चौथीच्या मुलास तें तितक्या वेळांत जमणार नाहीं. अंतर कमी होईल तसतसे टूं-टूं असे सूर जलद होतात, आणि सुमारें ३० सेंटिमीटरच्या आंत ते एकमेकांस चिकटून एकच लांब सूर निघतो. इतक्या जवळ चकतीला आपलीच थरथर पुरती आवरलेली नसते, म्हणून बहुतेक पेट्या तेथें मोजण्याचा नाद सोडून नुसत्या ओरडतात.

आमचें पहिलें काम बिघडलें. एका दुकानांत अर्ध्या तासांत चार सेन्सर ठोकून दिले, आणि घरीं येईपर्यंत पेटीनें डोकें उठविलें. मागें कोणी नसतां, मोकळ्या मैदानांतही ती ओरडे. दुसऱ्या दिवशीं आमच्या गल्लींतल्या मिस्त्रींस बोलाविलें. ते माझ्याच वर्गांत शिकलेले. वाकून पाहतांच हंसले. म्हणाले, "गुरुजी, कान जमिनीला लावून ठेवलेत. मग जमीनच ऐकूं येणार." सेन्सर बंपरच्या खालच्या कडेला, जमिनीपासून फार थोड्या उंचीवर बसविलेले, आणि त्यांतले दोन उलटे. प्रत्येक सेन्सरच्या पाठीवर वरची दिशा दाखविणारा बाण असतो. हा ध्वनि आडवा पुष्कळ पसरतो व उभा कमी. बाण फिरला कीं तो जमिनीवर सांडतो.

मिस्त्रींचें काम मीं खुर्ची टाकून पाहिलें. बंपरचा मध्य काढून त्यांनीं तेथून दोन्हीं बाजूंस सारखीं अंतरें मोजलीं व जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर खुणा केल्या. (५० ते ६५ च्या दरम्यान असावें, असें त्यांचें म्हणणें.) खुणांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे ड्रिल घसरत नाहीं व रंग उडत नाहीं. मग संचांतल्या गोल करवतीनें २२ मिलिमीटरचीं चार भोकें पाडलीं. बंपर पोलादी. सेन्सर पोलादाला नुसता टेंकला तर त्याची थरथर साऱ्या बंपरभर पसरते, म्हणून प्रत्येकाभोंवतीं रबराचें कडें घातलें. आणि उघड्या पडलेल्या कडांना रंग लावला, नाहीं तर पहिल्याच पावसाळ्यांत गंज धरावयाचा. पेटीला वीज मागें जाण्याच्या पांढऱ्या दिव्याच्या तारेंतून दिली. म्हणजे ड्रायव्हरनें मागचा गियर घातला कीं यंत्र जागें होतें, एरवीं झोंपतें. जुन्या भोकांस रबरी बुचें बसविलीं. तीं अजून दिसतात आणि सूनबाईंस खुपतात.

यानंतर माझा मास्तरकीचा स्वभाव उफाळून आला. अंगणांत खडूनें अर्ध्या अर्ध्या मीटरवर रेघा ओढल्या आणि गल्लींतलीं दोन मुलें हाताशीं घेतलीं. पुतण्या गियर घालून बसला. गाडी मात्र जागची हालवावयाची नाहीं, असा माझा कडक नियम. भिंत, बादली, पत्र्याचा डबा यांस यंत्रानें दुरूनच ओळखलें. खुर्चीवर जाड गोधडी टाकली तेव्हां त्यास बराच वेळ पत्ता लागला नाहीं, कारण मऊ वस्तु ध्वनि पिऊन टाकते. फळी तिरपी धरली कीं ध्वनि भलतीकडे उडून जाई. बारीक काठी कधीं दिसे, कधीं न दिसे. वीतभर उंचीचा दगड लांब असतां दिसला, आणि गाडीजवळ सरकविला तों नाहींसा झाला. तो सेन्सरच्या दृष्टीखालीं गेला होता. फांदी टपाच्या उंचीवर धरली, तर यंत्राला तिची दादच नाहीं.

सर्वांत मोठी चूक सायकलींच्या सांगाड्याची निघाली. तो सेन्सरांच्या दृष्टीच्या वर असल्यामुळें यंत्र त्याला पाहून ओरडत नसे, हें ठीक. पण तो बंपरच्या मागें ४५ सेंटिमीटर पुढें आलेला. यंत्र अंतर मोजतें बंपरपासून. म्हणजे ३० सेंटिमीटरचा लांब सूर ऐकून पुतण्या थांबेल, तोंवर सायकली भिंतींत १५ सेंटिमीटर शिरलेल्या असतील! पुतण्यानें लगेच पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "४५ वजा" असें लिहून तो आरशाखालीं चिकटविला. वजाबाकीचा असा उपयोग मीं वर्गांत कधीं सांगितला नव्हता.

पावसाळा सरतां सरतां आम्ही आजऱ्यावरून आंबोलीस निघालों. संध्याकाळीं धुकें उतरलें. एका चहावाल्याच्या परवानगीनें त्याच्या टपरीशेजारीं रात्र काढावयाचें ठरलें. पुतण्या गाडी मागें घेऊं लागला. मी उतरलों, हातांत बॅटरी घेतली. आणि या खेपेस मधोमध न राहतां उजव्या कोपऱ्याच्या बाहेर, ड्रायव्हरच्या आरशांत दिसेन असा उभा राहिलों. यंत्र गप्प होतें. गाडी निर्धास्त मागें येत होती. गवतावर बॅटरीचा उजेड टाकला, तर गवताखालीं जमीनच नव्हती. रस्त्याच्या पाण्यासाठीं खणलेला कंबरभर खोल चर होता. मीं ओरडलों नाहीं. बॅटरी आडवी हालविली. गाडी थांबली तेव्हां मागचें चाक चरापासून हातभर अंतरावर होतें, आणि आंत सूनबाई दोन्हीं मुलांना घेऊन बसल्या होत्या.

पुतण्या खालीं उतरून चराकडे पाहत राहिला. "पण हें तर वाजलें नाहीं, काका," तो म्हणाला. वाजणार कसें? प्रतिध्वनि येण्यास कांहीं तरी आपटावें लागतें. पोकळीवर ध्वनि जातो आणि परत येत नाहीं. मागें स्वच्छ मैदान असलें तरी यंत्र गप्प, आणि मागें दरी असली तरी तितकेंच गप्प. अंगणांत मीं गोधडीपासून फांदीपर्यंत सर्व तपासलें, पण खड्डा तपासण्याचें मला सुचलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्ही कांहीं गोष्टी ठरविल्या. मागचा गियर घालण्यापूर्वीं ड्रायव्हरची कांच खालीं, रेडिओ बंद. अनोळखी जागीं आधीं उतरून पायांनीं जमीन चाचपावयाची. मागचा माणूस आरशांत दिसेनासा झाला कीं गाडी जागच्या जागीं थांबवावयाची, मग यंत्र कांहींही म्हणो. आणि "येऊं द्या" हा शब्द आमच्या गाडीपुरता बंद. फक्त थांबावयाची खूण करावयाची.

पुढच्या महिन्यांत गाडी गुहागरला न्यावयाची म्हणतात. तिकडच्या लाल मातीचा चिखल सेन्सरांवर बसला कीं ते बहिरे होतात, म्हणून रोज सकाळीं ओल्या फडक्यानें ते चार डोळे पुसण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. शिट्टी मीं माझी घेतली आहे. कवाईतीच्या तासाची, पितळेची.