खेळातला अनोळखी गडी

आमच्या लहानपणी खेळातला गडी कोण, हे कोणी विचारत नसे. विटीदांडू असो की आट्यापाट्या, समोरचा पोरगा कोणाच्या घरचा हे साऱ्या आळीला ठाऊक असे, आणि त्याने काही वावगे केलेच तर त्याच्या आजीपर्यंत तक्रार पोचायला घटकाभर पुरे होई. आज पोर ओट्यावर मोबाईल घेऊन बसते. आपल्याला ते एकटे दिसते. पण त्याच्या कानात कोणीतरी बोलत असते, आणि ते कोण, हे त्यालाही ठाऊक नसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या एका कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरची हकीकत सांगितली. त्यांची तेरा वर्षांची मुलगी असाच खेळ खेळत होती. समोरचा अनोळखी गडी आधी ‘छान खेळ’ म्हणाला, मग गाव विचारले, मग मुलगा की मुलगी ते विचारले, आणि मुलगी म्हटल्यावर नको तसले छायाचित्र मागितले. मुलीने खेळ बंद केला आणि थेट आईला सांगितले.

आता तुम्ही म्हणाल, ही शहरातली बडी माणसे. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ आठवीत आहे. घर शेतकऱ्याचे. त्याला खेळात एकाने नवा पोशाख आणि बंदूक भेट दिली. हे खेळातलेच हो, पण पोरांना त्याचे भारी अप्रूप! मग तो म्हणाला, ‘इथे नको, व्हॉट्सअॅपवर बोलू.’ पुढे छायाचित्र मागितले, आणि ते मिळताच धमक्या सुरू झाल्या. पोर तीन आठवडे गप्प. का? त्या माणसाने त्याला बजावले होते, ‘घरी सांगशील तर मोबाईल तुझाच जाईल, मारही तूच खाशील.’ आपला राग त्या परक्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता, आणि त्या रागाच्या भरवशावरच त्याचा सारा धंदा चालला होता.

म्हणून मूल सांगायला आले, की पहिल्याने हात आवरावा. मोबाईल हिसकावू नये. रागाच्या भरात संदेश पुसून टाकले, तर पुरावाच गेला. त्या गड्याचे खेळातले नाव आणि त्याचे संदेश पडद्यावर दिसतात तसे टिपून ठेवावेत. मात्र मुलाचे छायाचित्र दाखवण्यासाठी म्हणूनसुद्धा कोणाला पुढे धाडू नये. तो स्वतंत्र गुन्हा होतो. बहुतेक खेळांत गड्याच्या नावावर बोट ठेवले की तक्रारीची सोय निघते. तिथे कळवावे, मग त्याला अडवावे. पण खेळाच्या कंपनीला कळवले म्हणजे पोलिसांना कळवले असे होत नाही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे, जवळचे पोलीस ठाणे आहे, आणि सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते.

शिक्षकबंधूंना एक गोष्ट स्पष्टच सांगतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालचे प्रत्येकजण बालक आहे, आणि वाईट हेतूने मोबाईलवरून त्याच्या सतत मागे लागणे हाही लैंगिक छळच होय. असा गुन्हा ठाऊक असून कळवला नाही, तर न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचे नाव खराब होईल’ ही सबब तिथे चालत नाही. त्या पोराच्या बाबतीत एका गुरुजींनी हीच सबब सांगितली होती, याचे मला अजून वाईट वाटते.

अखेर बहिणीनेच १०९८ ला फोन लावला. पोलिसांचे काम चालू आहे. वडिलांनी मोबाईल काढून घेतला नाही. पोर आता माजघरात, आवाज मोकळा ठेवून खेळते. वडिलांना त्या खेळातले अजून ओ की ठो कळत नाही, पण गुरांना वैरण टाकून आले की हात पुसत शेजारी बसतात आणि विचारतात, “आज कोण कोण आलं होतं रे खेळायला?”