समक्ष साक्ष आणि पडद्यावरची साक्ष

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती रूढ झाली तेव्हा पायरी न चढताही साक्ष देता येईल, ही कल्पना कुणाच्या मनास शिवली नसेल. आज मात्र साक्षीदार एका गावी, न्यायाधीश दुसऱ्या गावी आणि दोघांमध्ये केवळ एक पडदा, हा प्रकार नवलाचा राहिलेला नाही. या सोयीने न्यायाचे काय साधते व काय निसटण्याचा संभव आहे, याचा विचार प्रत्येक नागरिकाने करण्याजोगा आहे.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो मुंबईच्या एका खटल्यात. १९८७ साली कर्करोगाने पीडित अशा एका महिलेवर तेथे शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेचा उपयोग होणार नाही, असे मत न्यूयॉर्कच्या एका तज्ज्ञाने तत्पूर्वी दिले होते. पुढे महिलेच्या पतीने शल्यचिकित्सकाविरुद्ध फिर्याद केली आणि त्या तज्ज्ञाची साक्ष महत्त्वाची ठरली. तज्ज्ञ साक्ष देण्यास राजी होता, भारतात येण्यास नव्हता. दंडाधिकाऱ्यांनी १९९९ साली व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घेण्याची परवानगी दिली, ती उच्च न्यायालयाने २००१ साली रद्द केली.

वाद होता एका शब्दाचा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७३ प्रमाणे पुरावा आरोपीच्या समक्ष घ्यावा लागे. ‘समक्ष’ या शब्दातच ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे. जे डोळ्यांसमोर घडते ते समक्ष. मग पडद्यावर दिसणारा माणूस डोळ्यांसमोर आहे की नाही? १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, आहे. आरोपी व त्याचे वकील साक्षीदारास पाहू शकतात, ऐकू शकतात, त्याची उलटतपासणी घेऊ शकतात. गर्दीच्या न्यायालयात दिसेल त्याहून साक्षीदाराचा चेहरा पडद्यावर अधिक स्पष्ट दिसेल, असेही न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यातील शल्यचिकित्सकास खालच्या न्यायालयांनी दोषी धरले होते, परंतु २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, हेही येथे सांगणे न्याय्य होय.

या निर्णयाचे उपकार मोठे आहेत. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यासंबंधी डेव्हिड हेडली याची साक्ष फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने अशाच रीतीने नोंदविली. तो अमेरिकेत शिक्षा भोगत होता, त्याला येथे आणणे शक्य नव्हते. अत्याचारास बळी पडलेल्या बालकास आरोपीचे तोंड पाहावे लागू नये, अशी व्यवस्था करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले, तेव्हाही हे साधन उपयोगी पडले. इंदूरच्या एखाद्या वृद्ध साक्षीदारास पुण्याच्या न्यायालयाचे हेलपाटे वाचले, तर त्यात न्यायाची हानी नाही.

परंतु प्रत्येक प्रकरणास ही सोय मानवते असे नाही. पतिपत्नींच्या दाव्यांत समेटाची शक्यता आहे तोवर उभयतांनी प्रत्यक्ष यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली बहुमताने ठरविले. मोडू पाहणारा संसार पडद्यावरून सावरत नाही, हा त्यामागील विचार कुणालाही पटेल.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने खटल्याची कामे, साक्षीपुरावा धरून, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालविण्यास सरसकट मुभा दिली आहे. म्हणूनच एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. मुंबईच्या खटल्यात साक्षीदार दूर राहणार होता, पण आरोपी आणि त्याचा वकील एकाच खोलीत असू शकत होते. आरोपी तुरुंगात आणि वकील न्यायालयात असेल तर? साक्षीदार खोटे बोलला, तर शेजारी बसलेला आरोपी वकिलाच्या कानाशी लागून सांगू शकतो, ‘साहेब, त्या दिवशी हा गावातच नव्हता, विचारा त्याला.’ उलटतपासणीचे अर्धे बळ या कुजबुजीत असते. तुरुंगाच्या खोलीत, अधीक्षकांच्या नजरेखाली, कॅमेऱ्यापुढे बसलेला अशिक्षित माणूस ती कुजबूज कुणाशी करणार?

नियमकर्त्यांना ही उणीव दिसली नाही असे नव्हे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने तयार केलेल्या नमुना नियमांत, कैद्यास कामकाजापूर्वी, ते चालू असताना आणि त्यानंतर वकिलाशी एकांतात बोलण्याची पुरेशी संधी द्यावी, असे सांगितले आहे. साक्षीदारास बाजूने कुणी पढवू नये यासाठी त्याच्या ठिकाणी जबाबदार अधिकारी असावा, परदेशात तो भारतीय वकिलातीचा असावा, अशीही तरतूद त्यात आहे. नियम चांगला आहे. मात्र दिवसाकाठी कितीतरी प्रकरणे हातावेगळी करणाऱ्या न्यायालयात तो कागदावरच राहण्याचे भय असते.

तेव्हा न्यायाधीशांनी साक्ष संपण्यापूर्वी पडद्यावरील आरोपीस एवढेच विचारावे, ‘तुला तुझ्या वकिलांशी काही बोलायचे आहे काय?’ आणि तो बोलत असता इतरांनी दूर व्हावे. या प्रश्नास पाच मिनिटे लागतील. साक्षीदार हजारो कोस दूर असला तरी चालेल, आरोपी आणि त्याचा वकील यांच्यात अंतर पडता कामा नये. तेवढे सांभाळले, तर पडद्यावरची साक्षही खऱ्या अर्थाने समक्ष ठरेल.