यंत्राभोवती जमणारी मंडळी

(बारडोली येथील मराठी भाषकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा विस्तारित पाठ)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'शहरातील तंत्रज्ञ-मंडळे आणि भाषेचे अभ्यासक' असा विषय छापला आहे. तो वाचून आमच्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने मला विचारले, "सर, तुम्ही कधीपासून कम्प्युटरवाले झालात?" मी झालेलो नाही. मी साहित्य शिकवतो, वर्गात गुजरातीतून आणि घरी मराठीतून बोलतो, आणि परीक्षेचे गुण संगणकावर भरायचे असले की अजूनही शेजारच्या विभागातल्या तरुण शिक्षकाला हाक मारतो. आज या विषयावर बोलायला उभा आहे तो एका चुकीमुळे. ती चूक माझी आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

काही वर्षांपूर्वी विज्ञान शाखेचा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याचा माझा वर्गातला संबंध नव्हता. मराठी बोलणारे सर एवढीच माझी ओळख त्याला होती. घराणे मूळ खानदेशातले. वडील सुरतेच्या लिंबायत भागात राहून डाइंग मिलमध्ये काम करत, पुढे कामासाठी कडोदऱ्याला आले. आई घरी साड्यांना टिकल्या लावते. मोठा भाऊ एम्ब्रॉयडरी मशीनसाठी डिझाइनचे पंचिंग करतो. मुलगा सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे की ही महानगरपालिका गुजरातीबरोबर हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. तर असा हा मुलगा. त्याने मला विचारले, "सर, सुरतेत प्रोग्रामिंग करणारी माणसं कुठे भेटतात?"

प्रश्न नीट ऐकावा, हे मी पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. त्याने 'प्रोग्रामिंग कुठे शिकवतात' असे विचारले नव्हते. 'माणसं कुठे भेटतात' असे विचारले होते. आणि मी उत्तर दिले, "एखादा चांगला क्लास लाव."

त्याने लावला. फी पस्तीस हजार. वडिलांनी ती ठेकेदाराकडून उचल घेऊन भरली. तीन महिन्यांनी शिकवणारा यायचा बंद झाला, सहाव्या महिन्यात दाराला कुलूप. मुलगा मला काही बोलला नाही. वडील एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "तुम्ही सांगितलं म्हणून भरले, सर." आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड गेले.

आता माझ्या अभ्यासाकडे वळतो, कारण माझी चूक किती लाजिरवाणी होती हे त्याशिवाय कळायचे नाही. माझा पीएच.डी.चा विषय एकोणिसाव्या शतकातल्या सभा आणि मंडळ्या हा होता. सुरतेत १८४२ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या मित्रांनी पुस्तक प्रसारक मंडळी काढली आणि शिळाछापाचे यंत्र आणले. त्या मित्रांत एक मराठी गृहस्थ होते, दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच. त्यांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते आणि ते त्या काळी सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास: पाचही नावे 'द'ने सुरू होणारी, म्हणून त्यांना पाच दद्दा म्हणत. याच मंडळींनी १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली. तिच्या बैठका उघड होत. मंत्रतंत्रवाल्यांना तिथे येऊन आपली विद्या दाखवा असे जाहीर आव्हान दिले जाई. पुढे मुंबईत, १८४९ च्या सुमारास, परमहंस सभा निघाली, तीही दादोबांच्याच पुढाकाराने, पण ती गुप्त होती. सुरतेचे दार उघडे आणि मुंबईचे बंद. असे का, यावर माझ्या प्रबंधात एक पूर्ण प्रकरण आहे. ते मी आज वाचून दाखवणार नाही, घाबरू नका.

म्हणजे पाहा, नव्या यंत्राभोवती माणसे जमतात, आठवड्याला भेटतात, एकमेकांना शिकवतात, भांडतात, हे मी पानेच्या पाने लिहिले होते. कॅलिफोर्नियात ५ मार्च १९७५ रोजी एका घराच्या गॅरेजमध्ये होमब्रू कम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली, त्या बैठकीला स्टीव्ह वॉझ्नियाक हजर होते, आणि पुढे ॲपलचा पहिला संगणक याच क्लबच्या मित्रांना दाखवला गेला, ही गोष्ट आज तंत्रज्ञानाच्या प्रत्येक पुस्तकात असते. आपल्याकडे ते सव्वाशेहून अधिक वर्षे आधी एका शिळाछापाच्या यंत्राभोवती झाले होते. हे जाणणाऱ्या माणसाने एका मुलाला क्लासकडे पाठवले.

मुलाला वाट सापडली ती भावाच्या कारखान्यात. एम्ब्रॉयडरी मशीनचा संगणक दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सांगितले की शहरात शनिवारी-रविवारी असे मेळावे होतात, बहुतेकांना पैसे लागत नाहीत, फक्त आधी नाव नोंदवावे लागते. गूगल डेव्हलपर ग्रुपच्या शहरवार शाखा असतात, सुरतेचीही आहे. पुण्यात तर लिनक्स वापरणाऱ्यांचे मंडळ फार जुने आहे, पायथनवाल्यांचे वेगळे. मुलाने मला शोधण्याची रीत सांगितली ती तशीच सांगतो, कारण इथे विद्यार्थी बसले आहेत: शहराचे नाव आणि आपल्याला ज्यात रस आहे त्या गोष्टीचे नाव जोडून शोधायचे. शेवटची भेट कधी झाली ते पाहायचे. सहा महिन्यांत काही झाले नसेल तर ते मंडळ आटोपले असे समजायचे. चालवणारे दोघेतिघेच असतात, त्यांतला एक नोकरीसाठी बंगळुरूला गेला की मंडळ बसते. (मानवधर्म सभेचेही तेच झाले. दादोबा मुंबईला गेले, नंतर दुर्गाराम राजकोटला गेले.) अभियांत्रिकी महाविद्यालयांचे फलक पाहायचे, बाहेरच्यांनाही बहुधा येऊ देतात. आणि एकदा जाऊन थांबायचे नाही, निदान तीनदा जायचे.

हे तीनदा जाणे काय असते ते मी पाहिले आहे. त्याने दुसऱ्या खेपेला मला बरोबर नेले. बारडोलीहून ताप्ती लाइनच्या गाडीने उधना, तिथून रिक्षा. एका कार्यालयाचा चौथा मजला, साठेक तरुण, मुली दहा-बारा. पडद्यावर सगळे इंग्रजी, बोलणारा गुजरातीत, प्रश्न हिंदीत. मला विषय कळला नाही, पण सभा कळली. तासाभराने चहा झाला आणि माझ्या लक्षात आले की खरी सभा आता सुरू झाली आहे. कुणाला माणूस हवा आहे, कुणाचे काम अडले आहे, कोणते पुस्तक वाचावे, कोणत्या कंपनीत जाऊ नये, हे सगळे चहाच्या कागदी पेल्याभोवती. आमचा मुलगा भिंतीला टेकून उभा. पहिल्या खेपेलाही तसाच उभा होता म्हणे. इंग्रजी त्याला वाचता येते, बोलता येत नाही. गुजराती येते, पण ती मिलच्या फाटकापाशी ऐकलेली. तिथल्या मुलांच्या गुजरातीत त्याला आपली गुजराती काढावीशी वाटेना. दार उघडे होते, उंबरा मात्र होता, आणि तो भाषेचा होता.

तेवढ्यात आईचा फोन आला. घरची बोली अहिराणी. भिंतीकडे तोंड करून तो हळू आवाजात दोन मिनिटे बोलला. फोन ठेवला तर मागे एक तिशीचा इंजिनिअर उभा. त्याने विचारले, "गाव कोनतं शे तुन्हं?"

एवढेच वाक्य. तो अमळनेरकडचा निघाला, उधन्याला वाढलेला, आता एका सॉफ्टवेअर कंपनीत. पुढचा अर्धा तास दोघे अहिराणीत प्रोग्रामिंगबद्दल बोलत होते. त्या बोलीत संगणकाचे शब्द कसे बसतात हे मी कान देऊन ऐकले. छान बसतात. बोली मरत चालल्या म्हणून परिसंवादांत आपण हळहळतो, त्या परिसंवादांत मी हे ऐकले नव्हते.

तिसऱ्या खेपेला मात्र परीक्षा माझी झाली. मुलाने तोवर सरावासाठी एक छोटे काम हाती घेतले होते: मी वर्षानुवर्षे टंकलिखित केलेल्या टिपणांतून शब्द शोधून देणारा प्रोग्राम. तो 'दुसऱ्या' हा शब्द शोधायला सांगे तेव्हा निम्मेच सापडत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत, संगणकाला वेगळे. अमळनेरच्या इंजिनिअरने कारण दाखवले. तुटक 'र' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकदा 'ऱ' या वेगळ्या अक्षराला हलन्त जोडून, आणि एकदा साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. ज्या कळफलकावर जे सोपे, ते लोक टंकतात. ज्यांना दोन्ही सापडत नाही ते सरळ रफार देतात, आणि मग डोंगरांच्या दऱ्यांचा दर्या होतो. 'ॲ'चेही तसेच. त्याला स्वतंत्र स्थान मिळाले २००८ मध्ये. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र ठेवत होते, आणि ते सगळे जुने लेखन तसेच पडून आहे.

हे ऐकून चहाभोवतीची पाच-सहा मुले माझ्याकडे वळली. एक गुजराती मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही मराठीचे पीएच.डी. ना? यातलं बरोबर कोणतं? आम्ही कोणतं धरायचं?"

मला उत्तर देता आले नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. आपण ऱ्हस्व-दीर्घावर वृत्तपत्रांत पत्रयुद्धे केली आहेत, अनुस्वारावर शतकभर वाद घातले आहेत, आणि हे अक्षर साठवायचे कसे, शोधताना दोन्ही रूपे एक मानायची का, या गोष्टी कुणीतरी विशीतली मुले रात्री जागून, आपल्याला न विचारता, ठरवत असतात. न विचारता म्हणणेही अन्याय आहे. त्यांनी विचारले, आणि मी खिशात रुमाल शोधू लागलो. १८४२ च्या मंडळीत वैयाकरणी यंत्राशेजारी बसला होता. आजच्या मंडळीत तो मुलगा मला हात धरून नेतो तेव्हाच कुणीतरी भाषेचा माणूस तिथे येतो.

इथे कुणी म्हणेल, पुण्यात सी-डॅक आहे, भाषेचे संगणकीय काम करणाऱ्या संस्था आहेत, हे काम त्यांचे. आहेच. पण १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया कुणा संस्थेच्या पगारी माणसांनी लिहिला नाही. संगणकाला मराठी ऐकायला शिकवण्यासाठी मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात लोक आपापले आवाज देतात, तेही फुकट. ज्यांचे आवाज तिथे पोहोचतील त्यांची मराठी यंत्राला कळेल. लिंबायत-पांडेसऱ्याची मराठी, जिच्या क्रियापदांत गुजरातीचा वास आहे, तिथे कोण नेणार? मला वाटते, ती मुले नेतील, पण त्यांना आधी त्या चौथ्या मजल्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे. आणि तिथे पोहोचल्यावर भिंतीला टेकून उभे राहावे लागता कामा नये.

मी घरी येऊन वही काढली. तुटक 'र' येणारे शब्द लिहू लागलो: वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, चऱ्हाट, पायऱ्या, नवऱ्याला, सुऱ्या. आणि त्यांच्या शेजारी रफाराचे: सूर्य, कार्य, आचार्य. 'आचाऱ्यांना बोलवा' आणि 'आचार्यांना बोलवा' यांत जेवणाचा आणि व्याख्यानाचा फरक आहे, हे उदाहरण त्या मुलांना फार आवडले. दोनशे शब्द झाले तेव्हा वही मुलाला दिली. त्याने त्यावरून प्रोग्राम दुरुस्त केला, दोन्ही रूपे आता एक धरली जातात. काम अगदी लहान आहे. पण माझ्या प्रबंधाचा असा उपयोग कधी कुणी केल्याचे मला आठवत नाही.

मुलगा सध्या सुरतेतच नोकरी करतो, त्याच अमळनेरच्या इंजिनिअरच्या ओळखीने लागलेली. ठेकेदाराची उचल गेल्या दिवाळीत फिटली. मी अर्धी रक्कम देऊ केली होती, वडिलांनी घेतली नाही. त्याऐवजी त्यांनी मला एक काम सांगितले आहे: मिलमधल्या तिघांची मुले दहावी-बारावीला आहेत, त्यांनाही 'तिकडे' न्यावे.

तेव्हा पुढच्या महिन्यातल्या मेळाव्याला आम्ही सहा जण बारडोलीहून निघणार आहोत. विषय डेटाबेसचा आहे, म्हणजे मला काही कळणार नाही. वही बरोबर असेल, या वेळी 'ळ'ची. इथल्या मराठीच्या शिक्षकांपैकी कुणाला यायचे असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, नाव आधी नोंदवावे लागते.