क्रीडाशिक्षकाची प्राध्यापकी

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, की परीक्षा जवळ आली म्हणजे तो सर्वप्रथम गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकला जातो. तो खेळाचा तास. तो घेणाऱ्या शिक्षकाचे स्थानही बहुधा त्या तासासारखेच असते. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनापूर्वी त्याची आठवण होते, एरवी तो आणि त्याची शिट्टी मैदानावर. अशा शिक्षकाला विद्यापीठाने प्राध्यापकाचा दर्जा आणि कायम जागा द्यावी, ही कल्पना आजही धाडसाची वाटते. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने ती १८९२ साली अमलात आणली. त्या शिक्षकाचे नाव अमोस अलोन्झो स्टॅग. या नेमणुकीतून जे भले निष्पन्न झाले आणि जे विपरीत घडले, ते दोन्ही शाळा चालविणाऱ्यांनी आणि शाळेत मुले पाठविणाऱ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे एका गरीब चर्मकाराच्या घरी झाला. धर्मोपदेशक व्हावे या हेतूने ते येल विद्यापीठात दाखल झाले. पोटाला चिमटा घेऊन शिकणाऱ्या या मुलाने बेसबॉलमध्ये चेंडूफेक करून नाव मिळविले, तेव्हा व्यावसायिक संघांनी त्यांना पैसे देऊ केले. त्यांनी ते नाकारले. पैशासाठी खेळणे त्यांना रुचत नव्हते. पुढे, व्यासपीठावरून प्रवचन करण्याचे अंग आपल्यात नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगले आणि धर्मोपदेशकाचा मार्ग सुटला. तरुणांना वळण लावण्याचे जे काम प्रवचनातून साधणार नाही ते मैदानावर साधेल, अशी त्यांची धारणा झाली. ही धारणा त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

येलनंतर ते स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात गेले. तेथे जेम्स नायस्मिथ हे त्यांच्या फुटबॉल संघातील एक गडी होते. याच नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ निर्माण केला. मार्च १८९२ मध्ये शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा या खेळाचा पहिला जाहीर सामना झाला. शिक्षक ५-१ असे हरले, आणि शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅग यांचा होता. स्प्रिंगफील्डचा धागा भारतापर्यंत पोहोचला आहे. तेथेच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले, आणि शारीरिक शिक्षण हा शास्त्रशुद्ध अध्यापनाचा विषय आहे, ही जाणीव देशभर रुजविण्यात त्या संस्थेचा वाटा मोठा आहे.

शिकागो विद्यापीठ रॉकफेलर यांच्या देणगीतून नव्याने उभे राहत होते. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित, आणि येलमध्ये स्टॅग यांचे गुरू. या गुरूने आपल्या शिष्याला बोलावून घेतले. १५०० डॉलर वेतन सांगितले. स्टॅग गप्प राहिले. हार्पर यांनी आकडा २००० केला, तरीही मौन. अखेर २५०० डॉलर आणि सहयोगी प्राध्यापकाची कायम जागा, असे ठरले. स्टॅग यांनीच पुढे सांगितले आहे, की ते मौन घासाघीस नव्हती. सारा प्रस्तावच एवढा अनपेक्षित होता, की शब्द सुचेना. गुरूंच्या मनात मात्र हिशेब स्पष्ट होता. देशभर फिरून भल्याभल्या महाविद्यालयांना धूळ चारील असा संघ त्यांना हवा होता, कारण नव्या विद्यापीठाचे नाव सर्वतोमुखी होण्याचा तो जवळचा रस्ता होता. एकाच नेमणुकीत दोन हेतू एकत्र नांदू लागले: शिष्याचा हेतू शिक्षणाचा आणि संस्थेचा कीर्तीचा. पुढील ४१ हंगामांची कथा ही या दोन हेतूंच्या ओढाताणीची कथा आहे.

येथे या खेळाचा परिचय करून देणे आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू कवटाळून प्रतिपक्षाच्या हद्दीकडे धावायचे आणि प्रतिपक्षाने त्या गड्याला जमिनीवर पाडायचे, असा तो खेळ. कबड्डीतील चढाई आणि पकड अकरा-अकरा गड्यांनी एकाच वेळी केली तर जे दृश्य दिसेल, तसे काहीसे त्याचे रूप. स्टॅग यांनी या धसमुसळ्या खेळात विचार आणला. गड्याला पाडण्याचा सराव माणसावर करून हाडे मोडून घेण्याऐवजी त्यांनी येलमध्येच एक गादी गुंडाळून टांगली आणि तिच्यावर सराव सुरू केला. चेंडू खेळात येण्यापूर्वीच एका गड्याला आडवे धावत ठेवून प्रतिपक्षाला चकविण्याची युक्ती रूढ करण्यातही त्यांचा हात होता. पहिल्या वर्षी गडी अपुरे पडले तेव्हा प्राध्यापक महाशय स्वतःच संघातून खेळले! त्यांच्या तोंडी कधी शिवी आली नाही. संताप अनावर झाला की ते गड्याला गाढव म्हणत, आणि तेवढेही पुरेसे होई.

१९०५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या हंगामात एका गणनेनुसार १८ तरुण मैदानावरील दुखापतींनी मरण पावले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद केला. १९०६ मध्ये नियम पालटले: चेंडू पुढच्या दिशेने हाताने फेकण्यास मुभा मिळाली, एकमेकांवर ढीग होऊन आदळण्याची गरज कमी झाली आणि खेळ मोकळा झाला. नियम ठरविणाऱ्या समितीत स्टॅग होते आणि पुढेही दीर्घकाळ राहिले.

परंतु त्याच १९०५ साली शिकागोने मिशिगनचा २-० असा पराभव करून त्यांची सलग ५६ सामन्यांची अपराजित वाटचाल खंडित केली. त्या विजयाचा नायक वॉल्टर एकरसॉल. शहरातीलच शाळेत शिकलेल्या या असामान्य मुलाला आपल्याकडे ओढण्यासाठी शिकागो आणि मिशिगन यांच्यात चुरस लागली होती. तो चार हंगाम खेळला, अवघ्या देशात गाजला, आणि पदवी न घेताच विद्यापीठाबाहेर पडला. त्याचा अभ्यास यथातथाच आहे हे विद्यापीठाला दिसत होते, पण खेळण्याची त्याची मुदत संपेपर्यंत ते कोणाला बोचले नाही. पैशासाठी न खेळलेल्या, चारित्र्याचा ध्यास घेतलेल्या गुरूच्याच संघात हे घडले. स्टॅग यांच्या चरित्रातील हा डाग चाहते वगळतात. तो वगळणे योग्य नव्हे, कारण पालकाच्या दृष्टीने साऱ्या कथेत सर्वांत महत्त्वाचे ठिकाण हेच आहे.

कीर्ती वाढत गेली. आपल्या परिषदेची विजेतेपदे शिकागोने सात वेळा जिंकली. विद्यापीठाच्या मैदानाला स्टॅग यांचे नाव दिले गेले आणि तेथील आसनसंख्या ५०,००० च्या पुढे गेली. मग ओहोटी लागली. मोठी सरकारी विद्यापीठे पुढे सरसावली. १९३२ मध्ये वयाची सत्तरी झाली म्हणून विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले आणि सल्लागार स्वरूपाचे एक पद देऊ केले. शिकविण्याचे काम नसलेले पद त्यांनी स्वीकारले नाही. सपत्नीक कॅलिफोर्नियात स्टॉक्टन येथे जाऊन ते कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा महाविद्यालयात नव्याने प्रशिक्षक झाले. पत्नी स्टेला प्रतिपक्षाचे सामने पाहून त्यांच्या डावांची टिपणे काढीत. या संसारातील तो भाग स्वतंत्र व्याख्यानाचा विषय व्हावा. १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, प्रशिक्षकांच्या संघटनेने त्यांची वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड केली. तेथूनही १९४६ नंतर बाहेर पडावे लागले, तेव्हा ते पेनसिल्व्हेनियात आपल्या मुलाच्या जोडीने शिकवू लागले. पुढे स्टेला आजारी पडल्यावर ते स्टॉक्टनलाच राहिले आणि तेथील कनिष्ठ महाविद्यालयातील मुलांना चेंडू लाथाडण्याचे तंत्र शिकवू लागले. हे काम ९६ व्या वर्षापर्यंत चालले. संघ उत्तम आहे की नाही हे वीस वर्षांनी, मुलांचे काय झाले ते पाहून सांगता येईल, अशा आशयाचे एक उत्तर त्यांच्या नावावर सांगितले जाते. १७ मार्च १९६५ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

इकडे शिकागोत १९३९ च्या हंगामात संघ मिशिगनकडून ८५-० असा हरला आणि डिसेंबरमध्ये विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. रिकाम्या स्टॅग मैदानाच्या पश्चिम प्रेक्षागृहाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवनिर्मित अणुभट्टीतील पहिली स्वयंचलित शृंखलाप्रक्रिया घडवून आणली. आता त्या मैदानाच्या जागेवर विद्यापीठाचे ग्रंथालय उभे आहे. १९६९ मध्ये तेथे फुटबॉल पुन्हा सुरू झाला, दुसऱ्या मैदानावर आणि बेताच्या प्रमाणात. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या तिसऱ्या गटाचा अंतिम सामना १९७३ पासून स्टॅग यांच्या नावाने खेळला जातो. या गटातील महाविद्यालये केवळ खेळाच्या बळावर कोणालाही शिष्यवृत्ती देत नाहीत.