नेटचं माप आपणच घेऊ या



आपल्या बचत गटात आपण मिरची पावडरची पाकिटं भरतो. पाव किलो म्हटलं की पाव किलोच भरतो. काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का असतो, म्हणून गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. पण दर महिन्याला आपण नेटचे पैसे भरतो, त्याचं माप कधी घेतो का? आम्हीही घेत नव्हतो.

मुकुंदवाडीतल्या आमच्या गटाच्या खोलीत वाय-फाय आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पैसे २० जणींच्या वर्गणीतून. गेल्या वर्षी कर्जाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. कामं आटोपून रात्री नऊला कागद अपलोड करायला बसलो. चक्र नुसतं फिरत राहिलं. बारा वाजले आणि मुदत संपली. मसाल्याची चक्की दिवाळीआधी यायची, ती संक्रांतीनंतर आली. दिवाळीची कमाई हातची गेली.

तेव्हा ठरवलं, आता मोजायचं.

आधी माप समजून घेऊ. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फोटो आणि फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट येतात.

सरकारनेही किमान माप ठरवलंय. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणत. ५ मेगाबाइटचा एक फोटो उतरायला अडीच मिनिटांहून जास्त लागायचे. २०१३ मध्ये हे माप ५१२ केबीपीएस झालं. जानेवारी २०२३ पासून ते २ एमबीपीएस आहे. तोच फोटो आता २० सेकंदांत यायला हवा. पण हे झालं कमीत कमी. आपण पैसे १०० चे भरतो, तेव्हा १०० च्या जवळपास मिळतंय का, हे आपणच बघायचं. जाहिरातीत ‘१०० पर्यंत’ लिहिलेलं असतं. तो ‘पर्यंत’ शब्द नीट वाचा.

मोजणं अवघड नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांचं मायस्पीड नावाचं अ‍ॅप २०१६ पासून आहे. मोजताना राउटरजवळ बसा. बाकीच्यांचे मोबाइल आणि टीव्ही वाय-फायवरून काढा. सकाळी, दुपारी आणि रात्री, तीन वेळा मोजा. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही आकडे तारीख-वेळ घालून वहीत लिहा. अर्ज, फोटो पाठवायचे तर अपलोड महत्त्वाचं, आणि त्याकडेच आपलं लक्ष नसतं.

आम्ही आठ दिवस मोजलं. पहिली चूक आमचीच निघाली. राउटर लोखंडी कपाटात, डब्यांच्या मागे होता. बाहेर उंचावर ठेवला, तर दिवसाचा आकडा ७० च्या वर गेला. रात्री नऊला मात्र ११. आपल्याकडे नळाला पाणी आलं की गल्लीत सगळे एकदम मोटारी लावतात आणि आपली धार बारीक होते ना, तसंच नेटचं. एका लाइनवर घरं जास्त, आणि रात्री सगळेच बसलेले.

वही घेऊन कंपनीकडे तक्रार केली. ‘नेट स्लो आहे’ एवढंच म्हटलं असतं, तर ‘बघतो’ म्हणाले असते. आकडे दाखवल्यावर माणूस आला. त्याने जुनी वायर बदलली, जोडणी दुसऱ्या लाइनवर घेतली. आता रात्रीही ६० मिळतात.

एक लक्षात ठेवा. तक्रार केली की तक्रार क्रमांक मागून घ्या. उत्तराने समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय एकेकीची तक्रार स्वतः सोडवत नाही, म्हणून ही पायरी चुकवू नका.

आणि अर्ज शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, हा धडा आम्ही चक्कीच्या मोलाने शिकलोय.

या आठवड्याच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी एक नेटची वहीही ठेवा. पैसे आपले आहेत, माप आपणच घेऊ या.